दुखण्यानंतरचे दिवस आणि वाङ्मय

आजारपणाची कथा सांगण्याची वाङ्मयांत एक ठरीव रीत पडून गेली आहे. ताप चढतो, घरांतील माणसें उशाशीं बसून जागतात, डॉक्टर येतो आणि फारसें न बोलतां जातो, आणि मग अशी एक रात्र येते कीं तिच्या पोटीं रोग्याचें भवितव्य ठरतें. सकाळीं एक तर घरांतून आक्रोश ऐकूं येतो, किंवा रोग्याच्या कपाळावर घाम फुटून तो डोळे उघडतो आणि पाणी मागतो. पहिल्या प्रकारानें कथा शोकान्त होते, दुसऱ्या प्रकारानें सुखान्त. पण दोन्ही प्रकारीं ती तेथेंच संपते. ज्यानें पाणी मागितलें त्याला पुढें जिना चढतां येऊं लागण्यास किती दिवस लागले, पानभर मजकूर लिहून होतांच हात गळून पडण्याचें केव्हां थांबलें, बोलतां बोलतां साधा शब्द न आठवण्याची विपत्ति त्याला किती महिने पुरली, हें सांगण्याच्या भरीस लेखक सहसा पडत नाहीं. इस्पितळाच्या वहींतही शेवटीं बहुधा असाच दोहोंपैकीं एक शेरा पडतो : मृत्यु आला, किंवा घरीं सोडलें. घरीं सोडलेल्या माणसाचें पुढें काय झालें, हें त्या वहीला ठाऊक नसतें.

आमची भाषाही या बाबतींत फारशी निराळी वागत नाहीं. बऱ्या झालेल्या माणसाविषयीं 'तो दुखण्यांतून उठला' असें आपण म्हणतों. उठणें ही एका क्षणाची क्रिया आहे. माणूस निजलेला असतो किंवा उठलेला असतो. मधल्या काळासाठीं 'अंगांत त्राण नाहीं', 'अजून हिंडूंफिरूं लागला नाहीं', 'तोंडाला चव नाहीं' असे नकारार्थी वाक्प्रचार आहेत, आणि ते मार्मिकही आहेत. परंतु त्या काळाचें असें रुळलेलें नांव घरगुती मराठींत आम्हांस आढळत नाहीं. जिला नांव नाहीं अशा गोष्टीविषयीं घरांतील माणसांना धीर धरणें कठीण जातें, आणि लेखकालाही तिच्यावर लिहिणें कठीण जातें. या दोन अडचणी मुळांत एकच आहेत असें आमचें मत आहे, आणि तें तपासून पाहण्यासाठीं इंग्रजी भाषेंतील दोन प्रसिद्ध कथांचा आणि दोन निबंधांचा येथें विचार करावयाचा आहे.

यांपैकीं पहिली कथा कॅथरिन ॲन पोर्टर या अमेरिकन लेखिकेची 'पेल हॉर्स, पेल रायडर' ही होय. १९३९ सालीं निघालेल्या तिच्या याच नांवाच्या संग्रहांत तीन लघु कादंबऱ्या आहेत, त्यांपैकीं ही शेवटची. पोर्टरबाईंचा जन्म १८९० सालीं टेक्सास प्रांतांत झाला. १९१८ सालीं त्या कोलोरॅडोंतील डेन्व्हर शहरीं 'रॉकी मौंटन न्यूज' या दैनिकांत बातमीदार होत्या, आणि त्याच सालच्या शरदृतूंत इन्फ्ल्युएंझाच्या महासाथींत सांपडून मरणाच्या दारापर्यंत जाऊन आल्या. घरच्यांनीं अंत्यविधीची तयारी चालविली होती आणि वर्तमानपत्रानें मृत्युलेख जुळवून ठेवला होता, असें सांगतात. त्या वेळीं या रोगाचा विषाणु कोणालाही ठाऊक नव्हता. माणसाच्या इन्फ्ल्युएंझाचा विषाणु १९३३ सालीं लंडन येथें ओळखला गेला. पोर्टरबाई वाचल्या, आणि १९८० पर्यंत जगल्या. या आजारानें आपल्या आयुष्याचे सरळ दोन तुकडे केले, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं उतारवयांत एका मुलाखतींत काढले आहेत. अनुभव आणि ग्रंथ यांच्यामध्यें वीस वर्षें लोटलीं, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

कथेंतील नायिका मिरांडा हीही वर्तमानपत्रांत काम करणारी आहे. महायुद्ध चाललें आहे, युद्धकर्जाचे रोखे घेण्यासाठीं लोकांवर दडपण आणलें जात आहे, रस्त्यांतून प्रेतयात्रा जात आहेत. ॲडम नांवाच्या एका तरुण लष्करी अधिकाऱ्याशीं तिची दहाच दिवसांची ओळख आहे आणि त्या दहा दिवसांत दोघांचें प्रेम जडलें आहे. ती आजारी पडते तेव्हां शहरांत रुग्णवाहिका मिळत नाहीं, इस्पितळांत खाट मिळत नाहीं, घरमालकीण तिला घराबाहेर काढण्याच्या गोष्टी बोलते. एक रात्र ॲडम तिची शुश्रूषा करतो. तो तिच्यासाठीं कॉफी आणावयास गेला असतां इस्पितळाचीं माणसें येऊन तिला उचलून नेतात. पुढें ज्वरांतील भ्रम आहेत, मरणाच्या सीमेवर दिसलेलें एक तेजोमय, निःशब्द मैदान आहे, आणि तेथून दुर्गंध व वेदना यांच्या द्वारें जगाकडे झालेलें पुनरागमन आहे. ती शुद्धीवर येते तेव्हां बाहेर घंटा वाजत असतात; तो युद्धतहकुबीचा दिवस असतो. नंतर साठलेलीं पत्रें उघडतांना तिला कळतें कीं ॲडम लष्करी छावणीच्या इस्पितळांत याच रोगानें केव्हांच मरण पावला आहे. तिला जो रोग झाला तोच त्यालाही झाला, आणि बहुधा तिच्या उशाशीं बसल्यामुळेंच झाला.

या कथेंतील भ्रमाचा भाग सर्व टीकाकारांनीं वाखाणला आहे आणि तो वाखाणण्यासारखा आहेच. परंतु आमच्या मतें कथेचें खरें सामर्थ्य त्यानंतरच्या थोड्या पानांत आहे. मिरांडा जगते, आणि तिच्याभोंवतींचीं सर्व माणसें आनंदतात. डॉक्टर आनंदतो, परिचारिका आनंदते, कचेरींतील मित्रमंडळी फुलें व पत्रें धाडतात. ज्यांनीं इतके परिश्रम करून आपल्याला परत आणलें त्यांचा हिरमोड करूं नये म्हणून तीही आनंदाचें सोंग करते; पण तिच्या डोळ्यांना दिवसाचा उजेड फिका दिसतो, आणि परक्या मुलखांत येऊन पडलेल्या माणसाप्रमाणें ती या जगाकडे पाहत राहते. बरें होणें हें येथें एक सामाजिक कर्तव्य होऊन बसलें आहे. रोग्यानें बरें व्हावें एवढेंच पुरेसें नसून बरें झाल्याबद्दल संतुष्टही दिसावें, अशी सर्वांची अपेक्षा आहे. ज्या घरांत मोठें दुखणें येऊन गेलें आहे त्या घरांतील वाचकाला ही पानें वाचतांना ओळखीचा धक्का बसल्याखेरीज राहणार नाहीं.

शेवटीं इस्पितळांतून बाहेर पडण्याच्या तयारींत ती आपल्या मैत्रिणीकडून कांहीं वस्तु मागविते. ओठांना लावावयाचा रंग, अत्तर, करड्या रंगाचे हातमोजे, पायमोजे, आणि चांदीच्या मुठीची एक काठी. मैत्रीण म्हणते कीं काठी महाग पडेल. पण ती हवीच असते. या यादीवर टीकाकारांचें लक्ष गेलें आहे, आणि ही मेलेल्या माणसाला जिवंत दाखविण्याची नटवी सामग्री आहे असा तिचा अर्थ लावण्यांत आला आहे. तो अर्थ बरोबर आहे. मिरांडा स्वतःच कबरेंतून उठलेल्या लाझरसची उपमा मनांत आणून हंसते. परंतु या अर्थाच्या भरांत एक साधी गोष्ट निसटून जाते. रंग, अत्तर व मोजे हीं चेहरामोहरा झांकण्याचीं साधनें आहेत. काठी हें चालण्याचें साधन आहे. तिला चांदीची मूठ असली म्हणून ती काठीच. सगळ्या यादींत पायांविषयीं खरें बोलणारी तेवढीच एक वस्तु आहे, आणि तीही लेखिकेनें शोभेच्या वस्तूंत लपवून ठेविली आहे.

तिनें ती कां लपविली असावी हा प्रश्न पोर्टरबाईंचें चरित्र ठाऊक असल्यास अधिकच टोंचतो. अमेरिकेंतील १९१८ च्या साथीचा इतिहास लिहिणारे अल्फ्रेड क्रॉस्बी यांनीं त्यांच्या आजारानंतरची हकीगत नमूद केली आहे. डोकींचे केस सर्व गळून गेले होते. पहिल्या प्रथम उठून बसूं लागल्या तेव्हां तोल जाऊन पडल्या आणि हात मोडला. एका पायाच्या शिरेला सूज येऊन दुखणें जडलें, आणि आतां चालतां येणार नाहीं असें त्यांस सांगण्यांत आलें. सुमारें सहा महिन्यांनीं फुप्फुसें सुधारलीं, हातपाय सुधारूं लागले, आणि केस पुन्हां उगवले ते पांढरे. त्या वेळीं त्यांचें वय तिशीच्या आंतच होतें. ही सगळी सामग्री लेखिकेच्या स्वतःच्या देहावर लिहिलेली होती. वीस वर्षांच्या अवकाशानंतर कथा लिहितांना तिनें ज्वराचे भ्रम घेतले, मरणाचें दर्शन घेतलें, प्रियकराचा मृत्यु घेतला. पण उठून बसतांना मोडलेला हात, न उचलणारा पाय आणि ते सहा महिने वगळले. मिरांडाला न्यावयास गाडी येऊन उभी राहते आणि पडदा पडतो.

हा दोष आहे काय? आमच्या मतें दोष म्हणण्यापेक्षां ही मर्यादा म्हणावी, आणि ती एकट्या पोर्टरबाईंची नव्हे. त्यांनीं वगळलेल्या सहा महिन्यांत शरीरांत काय चाललेलें असतें, हें त्या काळीं वैद्यांनाही नीट सांगतां आलें नसतें. आज तें बरेंच सांगतां येतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील एका अभ्यासांत अतिदक्षता विभागांतील रोग्यांच्या मांडीचा स्नायु मोजण्यांत आला. पहिल्या दहा दिवसांतच त्याचा छेद सुमारें १८ टक्क्यांनीं घटलेला आढळला. दहा दिवस खाटेवर पडल्यानें कोणाच्याही अंगांत अशक्तपणा येईल, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु येथें नुसतें पडून राहणें नाहीं. सर्व शरीरांत पेटलेला दाह, प्राणवायूची उणीव आणि भूल देणारीं औषधें या सर्वांच्या माऱ्याखालीं शरीर आपलेच स्नायु मोडून खातें. जें दहा दिवसांत जातें तें दहा दिवसांत परत येत नाहीं.

किती काळांत परत येतें, याचें सर्वांत प्रसिद्ध उत्तर कॅनडांतील टोरोंटो येथून आलें. मार्गारेट हेरिज व त्यांचे सहकारी यांनीं फुप्फुसें एकाएकीं निकामी होऊन अतिदक्षता विभागांत राहिलेल्या आणि वांचलेल्या १०९ रोग्यांचा पाठपुरावा केला. न्युमोनियापासून रक्तांतील जंतुदोषापर्यंत त्यांच्या आजारांचीं कारणें निरनिराळीं होतीं. त्यांची कसोटी इतकी साधी होती कीं ती कोणत्याही घरच्या ओसरीवर करतां यावी : सपाट वाटेनें सहा मिनिटांत माणूस किती चालतो? तीन महिन्यांनीं हे लोक मध्यमानानें २८१ मीटर चालत, सहा महिन्यांनीं ३९६, वर्षानें ४२२, आणि पांच वर्षांनीं ४३६. म्हणजे पांच वर्षांनंतरही त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाकडून अपेक्षित असलेल्या अंतराच्या सुमारें तीन चतुर्थांशच. मौज अशी कीं फुप्फुसें तोंपर्यंत जवळजवळ पूर्ववत् झालीं होतीं. ज्या इंद्रियामुळें आजार आला तें सुधारलें, आणि बाकीचा माणूस मागें राहिला. या रोग्यांचें मध्यमान वय पंचेचाळिसाच्या आसपास होतें, आणि वर्षअखेर त्यांच्यांतले निम्मेच काय ते कामावर परतले होते. मिरांडाच्या काठीचा अर्थ नीट कळावयास हे आंकडे जवळ असावे लागतात.

आतां दुसऱ्या लेखिकेकडे वळूं. व्हर्जिनिया वुल्फ हिनें 'ऑन बीइंग इल' हा निबंध १९२६ सालीं 'न्यू क्रायटेरियन' या नियतकालिकांत लिहिला. प्रेम, युद्ध, मत्सर यांना वाङ्मयांत मानाचें स्थान मिळालें असतां आजारपणाला तें कां मिळूं नये, ही तिची तक्रार आहे. मोठमोठ्या शोकनायकांच्या विचारांना शब्द पुरविणारी भाषा साध्या डोकेदुखीपुढें मुकी होते, असें ती म्हणते. निबंध सुंदर आहे आणि तक्रार रास्त आहे. तथापि निबंधाची सर्व बैठक एका विभागणीवर उभी आहे : ताठ उभे राहून कामास लागलेले लोक एका बाजूस, आणि आडवे पडून आकाशाकडे पाहणारे लोक दुसऱ्या बाजूस. आडव्या माणसाला जें दिसतें तें उभ्याला दिसत नाहीं, हें तिनें बहारीनें सांगितलें आहे. पण जो धड उभा नाहीं आणि धड आडवाही नाहीं, भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत जातो आणि परत येऊन धापा टाकीत खाटेवर बसतो, त्याला या विभागणींत जागाच नाहीं. आजारपणाची बाजू मांडणाऱ्या निबंधांतही दुखण्यानंतरचे दिवस बाहेरच राहिले.

गंमत ही कीं निबंधांत जें साधलें नाहीं तें याच लेखिकेनें एक वर्ष आधीं निघालेल्या 'मिसेस डॅलोवे' या कादंबरींत साधलें होतें. कादंबरी १९२३ सालच्या जून महिन्यांतील एका दिवसाची आहे. क्लॅरिसा डॅलोवे ही बावन्नाव्या वर्षांत असलेली प्रतिष्ठित गृहिणी सकाळीं फुलें आणावयास लंडनच्या रस्त्यांतून निघते. ती आजारांतून उठल्यापासून बरीच पांढरी झाली आहे, हें शेजाऱ्याच्या नजरेंतून आपल्याला कळतें. तिच्या हृदयावर इन्फ्ल्युएंझाचा परिणाम झाला आहे असें लोक म्हणतात, हें घड्याळाचे टोले पडण्याच्या आधींच्या निःस्तब्धतेबरोबर ओघानें येऊन जातें. आजारानंतर तिला झोंपमोड होऊं नये म्हणून नवऱ्याच्या आग्रहानें ती माडीवरच्या खोलींत एका अरुंद खाटेवर एकटी निजते. दुपारीं तोच नवरा तिच्यासाठीं उशी आणून देतो आणि जेवणानंतर तासभर पडून राहण्यास सांगतो; कां, तर केव्हां तरी एका डॉक्टरनें तसें सांगितलें होतें. आजार केव्हां आला, किती दिवस होता, डॉक्टर कोण होता, यांपैकीं कशाचीही कथा कादंबरींत नाहीं. पोर्टरबाईंनीं आजार सांगितला आणि नंतरचे दिवस गाळले. वुल्फबाईंनीं आजार गाळला आणि नंतरचे दिवस, त्यांचा मोठा बोभाटा न करतां, प्रत्येक पानांत मुरवून टाकले.

त्याच कादंबरींत दुसराही एक दुखणाईत आहे. सेप्टिमस स्मिथ हा तरुण युद्धावरून परतला आहे आणि त्याचें मन विस्कटलें आहे. त्याला पाहणारा डॉक्टर होम्स त्याला कांहींच झालें नाहीं असें पुनःपुन्हां सांगतो. एकीला तासभर विसांवा आणि उशी मिळते, दुसऱ्याला आपल्या दुखण्याची कबुलीसुद्धां मिळत नाहीं. आणि दिवस मावळण्यापूर्वीं तो खिडकींतून उडी टाकून प्राण देतो. त्याच्या मृत्यूचें कारण एवढेंच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु लढाई संपली, ताप उतरला, आतां तुला काय धाड भरली आहे, असा प्रश्न ज्याला रोज विचारला जातो त्याच्या मनाची अवस्था वुल्फबाईंनीं जशी ओळखली तशी फार थोड्यांनीं ओळखली आहे.

या गंभीर मंडळींत चार्ल्स लॅमचें नांव विसंगत वाटेल, परंतु तें घेणें प्राप्त आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन येथील कचेरींत आयुष्याचीं तेहेतीस वर्षें कारकुनी करणाऱ्या या विनोदी निबंधकारानें १८२५ सालीं, म्हणजे पेन्शन घेतलेल्याच वर्षीं, 'दि कॉन्व्हॅलेसंट' हा छोटा निबंध लिहिला. त्याचा सिद्धान्त असा कीं आजारी माणूस हा आपल्या खाटेवरचा सार्वभौम राजा असतो. घर त्याच्यासाठीं पाऊल न वाजवितां चालतें. आणि बरें होऊं लागणें म्हणजे राज्यावरून पदच्युत होणें. वाचतांना हंसूं येतें. पण या थट्टेच्या मुळाशीं जें निरीक्षण आहे तें पुढच्या शंभर वर्षांतील वैद्यकीय लिखाणांतही क्वचितच सांपडेल : रोग्याची शक्ति परत येण्याच्या पुष्कळ आधीं त्याचे अधिकार जातात. ताप उतरला त्याच दिवशीं पावलें वाजूं लागतात. मिरांडाला हंसावें लागतें तें याच कारणामुळें. सेप्टिमसला 'कांहीं झालेलें नाहीं' असें ऐकावें लागतें तेंही याच कारणामुळें. एकानें ही गोष्ट थट्टेनें सांगितली, दोघींनीं गांभीर्यानें.

हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाहीं, हें २०२० सालापासून आलेल्या कोव्हिडच्या साथीनें दाखवून दिलें. या वेळीं घरीं सोडलेल्या माणसांचा पाठपुरावा पूर्वीं कधीं झाला नव्हता इतक्या मोठ्या प्रमाणावर झाला. चीनमधील वुहान येथें २०२० च्या जानेवारी ते मे या महिन्यांत इस्पितळांतून सोडलेल्या १,१९२ रोग्यांना दोन वर्षें वेळोवेळीं तपासण्यांत आलें. सहा महिन्यांनीं ६८ टक्के लोकांत आजाराचा कांहीं ना कांहीं अवशेष होता, दोन वर्षांनीं ५५ टक्क्यांत. थकवा किंवा स्नायूंचा दुबळेपणा सहा महिन्यांनीं ५२ टक्क्यांत होता, तो दोन वर्षांनीं ३० टक्क्यांवर आला. पूर्वीं नोकरी असणाऱ्यांपैकीं ८९ टक्के लोक आपल्या मूळ कामावर परतले होते. ब्रिटनमधील अशाच एका मोठ्या अभ्यासांत इस्पितळांतून सुटलेल्या लोकांना आपण पूर्ण बरे झालों असें वाटतें काय, असा सरळ प्रश्न विचारण्यांत आला. पांच महिन्यांनीं सुमारें २६ टक्के लोक 'होय' म्हणाले. वर्षानें सुमारें २९.

हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. देश निराळे, रोगी निराळे, काळही निराळा. म्हणून त्यांची वजाबाकी करणें योग्य नव्हे. परंतु दोन्हीकडे विचारलेले प्रश्नच मुळांत भिन्न आहेत, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला महत्त्व आहे तें याचें. माणूस कामावर परतला काय, हा एक प्रश्न. माणूस स्वतःकडे परतला काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर हजेरीपटावरून मिळतें. क्लॅरिसा डॅलोवे हिला पहिला प्रश्न विचारला तर ती पूर्ण बरी आहे : ती फुलें आणते, नोकरांना कामें सांगते, रात्रीं तिच्या घरच्या मेजवानीला पंतप्रधान येऊन जातो. दुसरा प्रश्न विचारला तर उत्तर माडीवरच्या अरुंद खाटेपाशीं जाऊन शोधावें लागतें. वैद्यकानें दुसरा प्रश्न आतां कोठें पद्धतशीरपणें विचारण्यास आरंभ केला आहे. अतिदक्षता विभागांतून वांचलेल्या माणसांच्या शरीर, बुद्धि व मन यांवर मागें राहणाऱ्या परिणामांना एकत्रित असें शास्त्रीय नांवसुद्धां २०१० नंतरच मिळालें. कादंबरीनें तो १९२५ सालीं विचारला होता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं हें सर्व वैद्यांचें काम आहे. कवीनें व कादंबरीकारानें मीटर मोजीत कां बसावें? मीटर त्यानें मोजूं नयेत हें आम्हांस मान्य आहे. पण सहा मिनिटांत ४२२ मीटर चालणारा माणूस मंडईपर्यंत जाऊन भाजी न घेतां कां परत आला, आणि घरीं येऊन त्यानें काय सबब सांगितली, हें कोणत्याही तक्त्यांत सांपडणार नाहीं. तें सांगणें हेंच कथालेखकाचें काम. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुखण्यानंतरच्या दिवसांत घटना नसते. आजचा दिवस कालच्यासारखा, आणि सुधारणा इतकी मंद कीं ती सांगूं गेल्यास वाचक कंटाळेल. हें खरें आहे, आणि पोर्टरबाईंनीं पडदा पाडला तो याच भयानें असेल. परंतु 'मिसेस डॅलोवे' हें या आक्षेपाला दिलेलें उत्तर आहे. तो काळ कथानक म्हणून सांगण्याची गरज नाहीं. तो पात्राच्या चालण्यांत, निजण्याच्या खोलींत, नवऱ्याच्या उशी आणून देण्यांत सांगतां येतो. जें कथानकाला पेलत नाहीं तें बारीक तपशिलाला पेलतें.

आमच्याकडे १९१८ ची साथ मुंबईस जून महिन्यांत आली, आणि पावसाळ्याअखेर अधिक भयंकर होऊन सर्व देशभर पसरली. हिंदुस्थानांत तिला बळी पडलेल्यांचे अंदाज एक कोटि वीस लाखांपासून पुढें आहेत. महाराष्ट्रांत लोकांनीं तिला 'मानमोडी' म्हटलें. हें नांव आम्हांस फार बोलकें वाटतें. तें रोगाच्या उगमावरून नाहीं, देशावरून नाहीं. रोग माणसाच्या अंगाचें काय करतो त्यावरून पडलेलें आहे. ज्या लोकांनीं असें नांव ठेविलें त्यांना मोडलेली मान सरळ होण्यास किती दिवस लागतात, हेंही ठाऊक असलेंच पाहिजे. घराघरांच्या आठवणींत या साथीनें नेलेलीं माणसें मोजलीं जातात. जीं राहिलीं तीं पुढें वर्षभर कशीं वावरलीं, कोणाच्या शेताची पेरणी कोणी केली, कोणत्या सुनेला किती दिवसांनीं पुन्हां पाणी भरावयास जावें लागलें, हें क्वचितच सांगितलें जातें. प्लेगच्या दिवसांचीं जिवंत चित्रें लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त आहेत, आणि घरगुती बोलीला असले प्रसंग किती सहज पेलतात याची तीं साक्ष देतात. तीच बोली त्यापुढच्या मंद दिवसांनाही पेलेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.

ही अपेक्षा आम्ही केवळ वाङ्मयाच्या समृद्धीसाठीं करीत नाहीं. २०२० व २०२१ या सालांत आमच्या मध्यमवर्गीय घरांतून हजारों माणसें इस्पितळांत जाऊन परत आलीं. दारांत ओवाळून त्यांचें स्वागत झालें, आणि महिन्याभरांतच पुष्कळांना त्याच दारांत 'अजून थकवा कसला? रिपोर्ट तर सगळे चांगले आले' हें वाक्य ऐकावें लागलें. बोलणारे दुष्ट नव्हते. त्यांना आजाराच्या ज्या कथा ठाऊक होत्या त्या सर्व दारांतील ओवाळणीपाशींच संपत होत्या. पुढचा भाग त्यांनीं कधीं वाचलाच नव्हता. फुप्फुसाचें चित्र स्वच्छ आलें म्हणजे माणूस बरा झाला, ही समजूत टोरोंटोच्या आंकड्यांनीं खोटी ठरविली आहे. परंतु वैद्यकीय नियतकालिकांतील आंकडे स्वयंपाकघरापर्यंत पोंचत नाहींत, गोष्टी पोंचतात. थकलेल्या माणसाला आळशी न म्हणण्याइतकें शहाणपण एखाद्या चांगल्या कादंबरीनें घरांत आणलें, तर तिचें तें काम लहान नव्हे.

तेव्हां 'पेल हॉर्स, पेल रायडर' विषयीं आमचा अभिप्राय असा. मरणाच्या सीमेपर्यंत जाऊन परत येण्याचें इतकें प्रत्ययकारी वर्णन आम्हीं दुसरें वाचलेलें नाहीं, आणि परत आलेल्या माणसावर पडणाऱ्या आनंदाच्या सक्तीचें तर त्याहूनही नाहीं. एलिझाबेथ आउट्का यांच्या २०१९ सालच्या 'व्हायरल मॉडर्निझम' या ग्रंथानें ही कथा व 'मिसेस डॅलोवे' या दोहोंचें युद्धाच्या छायेंत हरवलेलें इन्फ्ल्युएंझाशीं नातें पुन्हां उजेडांत आणलें, हें चांगलें झालें. परंतु ज्यांना दुखण्यानंतरचे दिवस समजून घ्यावयाचे आहेत त्यांनीं पोर्टरबाईंपाशीं थांबूं नये. आधीं त्यांची कथा वाचावी, आणि मिरांडाची गाडी निघाली कीं 'मिसेस डॅलोवे' हातीं घ्यावी. एकींत वीस वर्षांनींही लेखिकेला सांगवले नाहींत असे सहा महिने आहेत. दुसरींत ते महिने उलटून गेल्यावरही दुपारच्या एका तासाला चिकटून राहिलेले दिसतात. या दोहोंच्या मधली जागा अद्याप मोकळी आहे. ती भरणारें पुस्तक मराठींत निघालें, तर तें वाचण्यास घराघरांत माणसें तयार आहेत.